एवढे सॉफ्टवेअर इंजिनिअर लागतात कशाला?

राजुरी गावाजवळून कल्याण-नगर महामार्ग जातो. अशा रस्त्यावर ट्रक-ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या कारागीर बांधवाला आज एक विचार पडतो : मुलाला गॅरेजमध्ये घ्यावे की कर्ज काढून संगणक इंजिनिअर करावे? त्याची शंका रास्त आहे. प्रोग्राम एकदा लिहिला की संगणक चालतो. मग कंपन्यांना लाखो इंजिनिअर कशाला हवेत?

२०१४ साली फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेण्याचे जाहीर केले. तेव्हा त्याचे वापरणारे सुमारे ४५ कोटी होते आणि कर्मचारी अवघे ५५ च्या आसपास. उलट मार्च २०२५ अखेर टीसीएस या कंपनीत सहा लाखांवर माणसे होती. हा फरक का?

पहिले कारण गॅरेजवाल्यांना लगेच पटेल. ट्रक एकदाच बनतो, पण दुरुस्ती आयुष्यभर चालते. सॉफ्टवेअरचेही तसेच. फरक एवढाच, की ट्रक उभा करून उघडता येतो. बँकेचे सॉफ्टवेअर चालू ठेवूनच दुरुस्त करावे लागते.

आळेफाट्याच्या दुकानात गिऱ्हाईक मोबाईलवरून पैसे देते. त्या एका व्यवहारात गिऱ्हाइकाची बँक, दुकानदाराची बँक, मोबाईलचे ॲप आणि मधली यूपीआय यंत्रणा अशी चार ठिकाणची कामे जुळावी लागतात. एकाने बदल केला की बाकीच्यांनी तपासणी करायची. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयने महिन्याला १००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. लाखात एक चूक धरली, तरी महिन्याला एक लाख तक्रारी! ती लाखातली एक चूक शोधण्यासाठीच माणसे लागतात. व्हॉट्सॲपचे काम तेव्हा मुख्यतः एकच होते, निरोप पोहोचविणे. बँकेत मात्र खाती, कर्जे, व्याज आणि दरवर्षी बदलणारे नियम असतात.

दुसरे कारण धंद्याचे आहे. टीसीएस, विप्रो यांसारख्या कंपन्या प्रामुख्याने परदेशी गिऱ्हाइकांची कामे करून देतात. बरीच वर्षे मोबदला किती माणसे किती तास राबली यावर ठरे. मुकादमाकडे जितके मजूर, तितकी कमाई, तोच हिशेब. २००० सालापूर्वी जुन्या प्रोग्राममधील वर्षाचे दोन अंकी आकडे दुरुस्त करण्याचे प्रचंड काम निघाले आणि भारतीय कंपन्यांना मोठी संधी मिळाली.

आता हा हिशेब बदलतो आहे. साधे प्रोग्राम यंत्रच लिहू लागले आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. म्हणजे केवळ संख्येवर मिळणारी नोकरी पूर्वीइतकी खात्रीची राहिलेली नाही.

मात्र निराश होण्याचे कारण नाही. विप्रोची सुरुवात १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्याने केली. संगणकाकडे ती कंपनी नंतर वळली. धंदा समजणाऱ्याला यंत्र शिकता येते.

तेव्हा बांधवांनो, फी भरण्यापूर्वी मुलाची एवढी परीक्षा घ्या : दुसऱ्याने केलेल्या कामातील बिघाड तो चिकाटीने शोधतो का? गिऱ्हाइकाची अडचण नीट ऐकून घेतो का? ज्याला हे जमते, त्याची गरज गॅरेजलाही आहे आणि संगणक कंपनीलाही. नुसत्या पदवीसाठी मात्र कर्ज काढू नका.