शापू, न्यान आणि आपले गैरसमज

लेहहून श्रीनगरच्या रस्त्याला लागलं की सिंधू नदी बराच वेळ सोबत असते. निमू, सासपोल, खलसी अशी गावं मागे पडत जातात. खाली जर्दाळूच्या बागा, जवाची शेतं, मधूनच लष्कराची छावणी आणि वर उघडेबोडके तपकिरी उतार. महाराष्ट्रातून दर उन्हाळ्यात लडाखला जाणाऱ्यांची नजर इथून जाताना लांबच्या बर्फाच्या शिखरांवर खिळलेली असते, कारण रानटी जनावरं असली तर तिथेच असणार, असं सगळे धरून चालतात. लडाखी उरियल हा रानमेंढा मात्र याच तपकिरी उतारांवर चरतो. लडाखी लोक त्याला शापू म्हणतात.

‘रानमेंढ्या इतक्या उंच राहतात की माणसाचा त्यांना त्रास नाही’ हा सगळ्यात घट्ट रुजलेला गैरसमज. शापू साधारण तीन ते सव्वाचार हजार मीटरच्या पट्ट्यात वावरतो, तोही मुख्यतः सिंधू आणि श्योक नद्यांच्या खोऱ्यांत. आपल्याला हा आकडा प्रचंड वाटतो, पण लडाखच्या हिशेबाने हे तळमजल्यावरचं राहणं आहे. लेह शहरच साडेतीन हजार मीटरवर आहे. म्हणजे गावं, शेतं, रस्ते, छावण्या आणि शापू या सगळ्यांना जागा हवी ती एकच. ब्रिटिश काळातल्या शिकाऱ्यांना तो सहज सापडला, पुढे रस्ते आले तसा आणखी सहज सापडू लागला. खडकाळ कड्यांवर राहणाऱ्या आयबेक्सला जे नैसर्गिक संरक्षण मिळालं, ते शापूच्या वाट्याला आलं नाही.

त्याचा मोठा भाऊ न्यान, म्हणजे तिबेटी अरगली, खरोखरच उंचावर राहतो. अरगली ही जगातली सर्वांत मोठी रानमेंढी. नराचं वजन शंभर किलोच्या पुढे जाऊ शकतं आणि शिंगं जाडजूड, वळणदार असतात. पण न्यानही कडे चढण्यात पटाईत नाही. लांब पाय आणि दमदार छाती हे त्याचं भांडवल, आणि संकट आलं की मोकळ्या पठारावर धूम ठोकणं ही त्याची रीत. त्याला लागतात ती सौम्य उताराची गवताळ टेकाडं. चांगपा पशुपालकांच्या शेळ्या-मेंढ्यांना आणि याकांनाही नेमकी तीच लागतात.

इथे एक गल्लत सोडवून घ्यायला हवी. हेमिस राष्ट्रीय उद्यानातून परतलेल्या पर्यटकांच्या फोनमध्ये ‘रानमेंढ्यां’चे भरपूर फोटो असतात आणि ते पाहून ‘ही जात तर मुबलक आहे’ असा समज होतो. फोटोतलं जनावर बहुतेक वेळा भरल असतं. त्याला निळी मेंढी म्हणतात खरं, पण ते अस्सल मेंढ्यांच्या कुळातलं नाही. जॉर्ज शॅलर यांनी 1973 साली नेपाळमधल्या डोल्पो भागात भरलांच्या माजाच्या काळातल्या वागणुकीचा अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा, की भरलचं शरीर आणि चालीरीती पाहता त्याचं नातं शेळ्यांशी जास्त जवळचं आहे. पुढे जनुकीय तपासण्यांनीही तेच सांगितलं. भरल हिमालयात आणि तिबेटात दूरवर पसरलेला आहे. न्यान भारतात लडाखचा पूर्व भाग आणि सिक्कीमचं उत्तर पठार यांपुरता उरलाय, तोही मोजक्या शेकड्यांत. भरलांचे कळप पाहून न्यानबद्दल निश्चिंत होणं म्हणजे चितळ दिसले म्हणून बारशिंग्याची काळजी सोडून देणं.

शापू हा आपल्या पाळीव मेंढीचा पूर्वज, हेही बरेचदा ऐकू येतं. ते खरं नाही. पाळीव मेंढी पश्चिम आशियातल्या मूफ्लॉन या रानमेंढीपासून सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी घडली. मूफ्लॉन आणि पाळीव मेंढी या दोघांची गुणसूत्रं 54 आहेत. न्यानची 56 आणि उरियलची 58.

मग संख्या घटते कशाने? ‘हिमबिबट्या आणि लांडगे खातात म्हणून’ हे उत्तर लगेच येतं. हे शिकारी आणि या मेंढ्या हजारो वर्षं एकत्र नांदले आहेत, नुसत्या शिकारीने त्या संपल्या नाहीत. कळप अगदीच तोकडा उरला तर मात्र एखादा शिकारीही भारी पडतो. अमेरिकेतल्या सिएरा नेवाडा पर्वतातल्या बिगहॉर्न मेंढ्या 1990च्या दशकात शंभराच्या आसपास उरल्या होत्या, तेव्हा तिथल्या प्यूमांची चिंता करावीच लागली. पण कळप तिथवर खंगवण्याचं काम आधीच इतर गोष्टींनी केलेलं असतं.

त्यातली पहिली गोष्ट चराई. पाळीव जनावरं दिवसा चरतात, रानमेंढ्या उरलेल्या वेळी चरतील, एवढं काय बिघडतं, असं वाटणं साहजिक आहे. लडाखमधल्या ग्या-मिरू भागात झालेल्या अभ्यासात वेगळंच दिसलं. पाळीव कळप आणि त्यांच्यासोबतचे कुत्रे कुरणात आले की न्यान तिथून उठून अधिक चढाच्या, कड्याजवळच्या, निकृष्ट चाऱ्याच्या जागी जातो. त्याचा चरण्याचा वेळही घटतो. हिवाळ्यापूर्वी अंगावर चरबी धरायची असलेल्या जनावराला हे महागात पडतं. कोणी त्याला मारलं नाही, हुसकावलंही नाही, तरी तो हरतो.

दुसरी गोष्ट रोग. 2007च्या सुमारास लडाखच्या सीमेपलीकडे, तिबेटच्या ङारी भागात, शेळ्या-मेंढ्यांत पीपीआर हा विषाणूजन्य रोग पसरला आणि त्यात रानातले भरलही दगावले. बिगहॉर्नच्या बाबतीत पाळीव मेंढ्यांकडून येणारा न्यूमोनिया हाच सगळ्यात मोठा धोका मानला जातो. मेंढपाळाच्या कळपाला वेळेवर लस टोचणं हे म्हणूनच वन्यजीव संरक्षणाचंही काम आहे. तिसरी गोष्ट मोकाट कुत्री. छावण्या, हॉटेलं आणि पर्यटकांच्या उष्ट्यावर लडाखमध्ये कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या गेल्या आहेत आणि त्या रानटी जनावरांच्या मागे लागतात. दया म्हणून टाकलेल्या पराठ्याचा शेवट असा होतो.

पश्मिन्याबद्दलही घोळ आहे. पश्मिना रानटी जनावर मारून मिळत नाही, तो पाळीव चांगथांगी शेळीची लव विंचरून काढतात. जनावर मारून मिळायची ती शहातूश, तिबेटी चिरू या हरणाची. पण पाळीव म्हणून पश्मिना निरुपद्रवी ठरत नाही. 1962च्या युद्धानंतर सीमेपलीकडची कुरणं तुटली, तिबेटी निर्वासित आपले कळप घेऊन आले, आणि लोकरीला भाव मिळत गेला तशा शेळ्या वाढल्या. वाढलेल्या शेळ्यांचा भार पठारावरच्या त्याच गवतावर पडला. चांगपांना दोष देऊन हे सुटणार नाही. त्यांचं पोट त्यावर आहे आणि मागणी आपल्यासारख्या शाल घेणाऱ्यांची आहे.

‘मोजायला काय, दुर्बीण लावली की झालं’ हाही एक समज. वाघाला पट्टे असतात, प्रत्येक वाघ वेगळा ओळखता येतो. मेंढ्या ओळखता येत नाहीत, शिवाय त्यांचा रंग मातीचाच. म्हणून अभ्यासकांनी दुहेरी निरीक्षणाची पद्धत बसवली. एकाच वाटेवरून दोन तुकड्या थोड्या अंतराने जातात, एकमेकींशी न बोलता. दिसलेल्या प्रत्येक कळपाची जागा, त्यातले मोठे नर, माद्या, कोकरं अशी नोंद करतात. संध्याकाळी वह्या शेजारी ठेवून कोणते कळप दोघींनाही दिसले ते जुळवतात. समजा पहिलीला 20 कळप दिसले, दुसरीला 15, आणि त्यातले 12 सामाईक निघाले. दुसरीच्या 15 पैकी 12 पहिलीने टिपले, म्हणजे पहिलीच्या नजरेला शंभरातले 80 दिसतात. मग तिचे 20 कळप हे एकूण 25 कळपांमधले. न दिसलेल्यांचा हिशेब असा लागतो. एरवी नर आणि माद्या वेगवेगळे फिरतात, त्यामुळे एका दरीत नुसते नर दिसले म्हणून माद्या संपल्या असं कुणी धरत नाही.

कायदा पुरेसा आहे, असंही अनेकांना वाटतं. शिकारबंदीचा उपयोग झाला यात शंका नाही, पण गवत कायद्याने वाढत नाही. हिमाचलातल्या स्पितीत किब्बर गावाने 1998 साली संशोधकांशी करार करून आपल्या कुरणाचा एक तुकडा मोबदला घेऊन चराईतून मोकळा सोडला. तिथले भरल काही पटींनी वाढले. बलुचिस्तानात तोरघरच्या डोंगरांत पठाण टोळ्यांनी 1980च्या दशकात स्वतःच शिकार बंद केली, आपल्यातलेच राखणदार नेमले आणि परदेशी शिकाऱ्यांना अगदी मोजके परवाने विकून त्यांचे पगार भागवले. शेकड्यांत उरलेले उरियल दहाएक वर्षांत हजाराच्या वर गेले. परवान्याची शिकार पटो न पटो, राखण कुणी केली हे विसरता येत नाही.

किब्बरला भरल वाढले तसा त्यांच्यामागे हिमबिबट्याही आला, आणि गावकऱ्यांच्या जनावरांसाठी विमा योजना उभी करावी लागली. शापूसाठी असं कुरण सोडायचं झालं तर ते सिंधूच्या काठच्या उतारांवर लागेल, जिथे प्रत्येक चढावर कुणाच्या तरी शेळ्या चरतात आणि प्रत्येक वळणावर नवं बांधकाम सुरू आहे. तिथला मोबदला किब्बरपेक्षा कितीतरी जास्त असेल, आणि गावाशी बोलणी करताना तो आकडा आधी मांडावा लागेल.