भेडाघाट परिसरात तणांचा भाजीसाठी उपयोग

नर्मदाकाठच्या भेडाघाटपासून जवळच असलेल्या जबलपूर येथे तणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९८९ मध्ये स्थापन झाली. शेतीशास्त्राच्या लेखी तण असलेला टाकळा, ज्याला तेथे चरोटा म्हणतात, या भागात पावसाळ्याच्या आरंभी भाजी म्हणून शिजवला जातो. हिवाळ्यातील बथुआ म्हणजे आपला चाकवतच. फुलोऱ्यापूर्वी ही रोपे उपटल्यास त्यांचे बी गळत नाही. त्यामुळे परसबागेतील तण तणनाशकाविना आटोक्यात राहते. ओळख मात्र अचूक हवी. टाकळ्याच्या पानावर गोलसर पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. टोकदार पर्णिकांचा कासविंदा टाळावा. त्याच्या बिया खाल्ल्याने पश्चिम उत्तर प्रदेशात बालके दगावली आहेत. फवारणी झालेल्या जागेतील पाला कितीही कोवळा दिसला तरी घेऊ नये.