माणसाचा वंश ठरवणारे कार्यालय

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात भगवान बुद्धांनी एक साधा पण मूलगामी विचार मांडला आहे. गवत, कीटक, पशू, पक्षी यांच्या जाती त्यांच्या शरीरावरील खुणांवरून ओळखता येतात. माणसामाणसांत मात्र अशी जन्मजात खूण नाही. विसाव्या शतकात एका सरकारने नसलेली ही खूण शोधण्यासाठी चक्क कायदा केला. तो देश म्हणजे दक्षिण आफ्रिका. तेथील मिश्रवंशीय समाजाची हकिकत आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य समजून घ्यावी अशी आहे.

१६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने केप येथे आपले ठाणे वसवले. मूळचे खोईखोई व सान लोक, युरोपातून आलेले गोरे आणि आफ्रिका, मादागास्कर, भारत व इंडोनेशिया येथून आणलेले गुलाम यांच्या संबंधांतून तेथे एक नवा समाज उदयास आला. त्यालाच पुढे 'कलर्ड' हे नाव पडले. त्यातील बहुतेकांची मातृभाषा आफ्रिकान्स, म्हणजे गोऱ्या बोअरांचीच भाषा. रक्त मिसळलेले, भाषा एक. तरीही पंगत मात्र वेगळी!

१९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली. १९४९ साली गोरे व बिगरगोरे यांच्या विवाहास बंदी घालण्यात आली आणि १९५० साली प्रत्येकाच्या वंशाची सरकारी नोंद करणारा कायदा झाला. हा क्रम ध्यानात घ्यावा. आधी विवाहबंदी, मग नोंदवही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात हेच मर्म सांगितले होते, की जातीचा प्राण जातीअंतर्गत विवाहात आहे. भिंत वंशाची असो वा जातीची, तिचा पहारा लग्नमंडपाच्या दारात असतो.

पण वंश ठरवायचा कसा? कायद्याने सांगितले की जो गोरा दिसतो किंवा लोक ज्याला गोरा मानतात तो गोरा. जो गोराही नाही आणि आफ्रिकी मूलनिवासीही नाही तो कलर्ड. म्हणजे माणसाची ओळख नकारावर उभी केली. शंका आली तर अधिकारी केसांत पेन्सिल खोचून पाहत. ती घसरून पडली तर गोरा, अडकली तर बिगरगोरा. या पद्धतीने एकाच घरातील भावंडे निरनिराळ्या वर्गांत नोंदली गेली.

सँड्रा लेंग या मुलीचे आईवडील सरकारदप्तरी गोरे होते. तिचा रंग सावळा व केस कुरळे म्हणून १९६६ साली तिला गोऱ्यांच्या शाळेतून काढून कलर्ड ठरवण्यात आले. वडील न्यायालयात झगडले. कायदा बदलला आणि १९६७ साली ती पुन्हा गोरी ठरली. मुलगी तीच होती, फक्त शिक्का बदलत होता! गोऱ्या समाजाने मात्र तिला जवळ केले नाही.

शिक्क्यामागोमाग हक्क गेले. १९५६ साली केप प्रांतातील कलर्ड मतदारांची नावे सामायिक मतदारयादीतून काढली गेली. १९६६ साली केपटाऊनमधील डिस्ट्रिक्ट सिक्स ही मिश्र वस्ती गोऱ्यांसाठी राखीव करून साठ हजारांहून अधिक लोकांना हुसकावण्यात आले.

यावर उत्तर शोधले ते तरुणांनी. स्टीव्ह बिको व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बिगरगोरे' हे नकाराचे नाव झुगारले आणि आफ्रिकी, कलर्ड व भारतीय अशा सर्व पीडितांसाठी 'ब्लॅक' हे नाव अभिमानाने स्वीकारले. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरनेही 'दलित' शब्दाला असाच व्यापक अर्थ दिला. आपलेपणाचा आधार रक्त नव्हे, तर समान दुःख व समान संघर्ष हा होय.

वंशनोंदणीचा कायदा १९९१ साली रद्द झाला आणि १९९४ साली सर्वांना समान मताधिकार मिळाला. तरीही पूर्वी आपण पुरेसे गोरे नव्हतो आणि आता पुरेसे काळे नाही, ही खंत अनेक कलर्ड लोक आजही बोलून दाखवतात. नोकरीतील अन्यायाची भरपाई करण्यासाठी १९९८ च्या कायद्यानेही तेच जुने वर्ग वापरले. फरक इतकाच, की आता आपला वर्ग माणूस स्वतः सांगतो.

आपल्या घरातील मुलेही विचारतात, आपण बौद्ध आहोत, तर दाखल्यावर जुन्या जातीचे नाव कशाला? १९५६ साली धम्मदीक्षा झाली, पण अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना मिळण्यासाठी १९९० साल उजाडावे लागले. मुलांना सांगावे, की दाखल्यावरचे नाव ही झालेल्या अन्यायाची नोंद आहे. हक्कासाठी ती जपून ठेवायची. आपली ओळख मात्र ती नव्हे. ओळख आपण दीक्षाभूमीवर स्वतः निवडली आहे. आणि आपल्या घरात कुणी जातीबाहेरची सून वा जावई आणला, तर त्यांच्या मुलांना 'तू नक्की कुणाचा?' असे विचारणारे आपण तरी असू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!