बंद दारांचा हिशेब

सरकारी इमारतीच्या दाराशी सामान्य नागरिकाला विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा सगळीकडे सारखाच असतो : ‘काय काम आहे?’ काम असेल तर खिडकीपुढे रांगेत उभे राहावे, नसेल तर चालू लागावे, हा शिरस्ता. केवळ ती वास्तू पाहावयाची आहे, तिचा जिना एकदा चढावयाचा आहे, आपल्याविषयीचे निर्णय जेथे होतात ते दालन कसे आहे हे जाणून घ्यावयाचे आहे, असले ‘काम’ कोणत्याही पहारेकऱ्याच्या वहीत बसत नाही. लंडन शहरात मात्र तीस वर्षांहून अधिक काळ, वर्षातील काही दिवस शेकडो दारांवर हा प्रश्न विचारला जात नाही.

१९९२ साली व्हिक्टोरिया थॉर्नटन यांच्या पुढाकाराने ‘ओपन हाउस’ या नावाने हा उपक्रम तेथे सुरू झाला. सप्टेंबर महिन्यात शहरातील वास्तू लोकांना विनामूल्य पाहू द्यावयाच्या, ही त्यामागील साधी कल्पना. पूर्वी एका शनिवार-रविवारपुरता असलेला हा उत्सव आता अधिक दिवस चालतो, आणि अलीकडच्या वर्षांत त्यात सातशे-आठशे ठिकाणे सामील होत आली आहेत. त्यांत सरकारी खाती आहेत, काचेच्या उत्तुंग कचेऱ्या आहेत, शाळा व प्रार्थनामंदिरे आहेत. तशीच नगरपालिकांनी कष्टकऱ्यांसाठी बांधलेली भाड्याची घरे आहेत आणि एखाद्या वास्तुविशारदाने गल्लीच्या टोकाला स्वतःसाठी उभारलेले दोन खोल्यांचे बिऱ्हाडही आहे. माहिती सांगणारे बहुतेक स्वयंसेवक असतात; कित्येकदा तर ज्याने इमारत बांधली तो, किंवा जो तीत राहतो तोच पाहुण्यांना हिंडवून दाखवितो. हा सारा व्याप सांभाळणारी संस्था सरकारी नाही, धर्मादाय स्वरूपाची आहे, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

कल्पना अर्थातच सर्वस्वी लंडनची नव्हे. फ्रान्सचे तत्कालीन संस्कृतिमंत्री जॅक लांग यांनी १९८४ साली ऐतिहासिक वास्तूंची दारे एक दिवस जनतेसाठी उघडण्याचा प्रघात पाडला आणि पुढे तो युरोपभर पसरला. फ्रेंच उपक्रमाचा उगम वारशाच्या अभिमानात होता. लंडनच्या उत्सवाने जुन्याइतकाच नव्याकडेही मोर्चा वळविला. आज उभी राहणारी इमारत चांगली की वाईट, हे ठरविण्याचा अधिकार तिच्यासमोरून रोज जाणाऱ्या माणसालाही आहे, आणि तो बजावण्यासाठी त्याने ती आतून पाहिली पाहिजे, अशी त्यामागील भूमिका आहे.

परक्या शहरातील या उत्सवाशी मराठी वाचकाचा काय संबंध, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर या उत्सवात अनेकदा खुल्या होणाऱ्या एका इमारतीतच मिळते. लंडनच्या व्हाइटहॉल भागातील परराष्ट्र खात्याच्या प्रचंड वास्तूचा एक भाग मुळात ‘इंडिया ऑफिस’ म्हणून बांधला गेला. त्याच्या मध्यभागी ‘दरबार कोर्ट’ या नावाने ओळखला जाणारा चौक आहे. तीन मजली कमानी, ग्रॅनाइटचे खांब, संगमरवरी फरशी, भोवताली कंपनीच्या व ब्रिटिश अमदानीतील सेनानींचे आणि प्रशासकांचे पुतळे. मॅथ्यू डिग्बी वायट या वास्तुविशारदाची ही रचना पाहून डोळे दिपावेत यात नवल नाही. परंतु या वैभवाचे पैसे कोणी मोजले? इंडिया ऑफिसचा खर्च हिंदुस्थानच्या महसुलातून भागविला जात असे. १८६७ साली तुर्कस्तानच्या सुलतानाच्या स्वागतार्थ याच चौकात जो शाही समारंभ झाला, त्याचा खर्चदेखील हिंदुस्थानच्या खात्यावर टाकण्यात आला. लंडनमध्ये झालेल्या मेजवानीचे देणे अशा रीतीने आपल्याकडील शेतसारा भरणाऱ्या रयतेच्या माथी आले!

योगायोग असा की, त्याच १८६७ साली त्याच लंडनमध्ये दादाभाई नौरोजी हिंदुस्थानातून इंग्लंडकडे वाहणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडू लागले होते. त्यांच्या सिद्धान्ताचे जणू चित्रच पाहावयाचे असेल, तर इंडिया ऑफिसच्या जुन्या मंत्रणागृहातील अग्निकुंडावरचे शिल्प पाहावे. रिसब्रॅक या शिल्पकाराने ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुख्यालयासाठी घडविले होते. पुढे ते येथे आणून बसविण्यात आले. त्यात ब्रिटानिया पूर्वेकडील संपत्तीचा नजराणा स्वीकारीत आहे. ज्या दालनात आपल्या देशाचा कारभार चाले, त्या दालनाच्या भिंतीवर त्या कारभाराचा हेतू इतक्या प्रांजळपणे कोरलेला होता. बंद दाराआड असे शिल्प ही केवळ शोभा असते. दार उघडले की ते साक्ष देऊ लागते. हा उत्सव म्हणजे निव्वळ करमणूक नव्हे, असे जे म्हणावयाचे ते याच अर्थाने.

या वास्तूशी आपला आणखी एक धागा आहे. तिचे बाह्य स्वरूप जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. मुंबई विद्यापीठाचे पदवीदान सभागृह, ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा यांचे आराखडेही त्यांचेच; आणि मुंबईत एकदाही पाऊल न ठेवता त्यांनी ते लंडनमध्ये बसून केले. लंडनचे सेंट पँक्रस स्थानकाचे हॉटेल ही त्यांचीच आणखी एक कृती. आज गौरविल्या जाणाऱ्या या लंडनच्या दोन्ही इमारती १९६०च्या दशकात पाडण्याच्या बेतात होत्या. कालबाह्य, अवाढव्य, धुराने काळवंडलेल्या अशा या वास्तू कोणाला हव्यात, असा तेव्हाचा व्यवहारी सवाल होता. थोड्या वास्तुप्रेमींनी आवाज उठविला म्हणून त्या वाचल्या. सेंट पँक्रसला १९६७ साली कायद्याचे सर्वोच्च संरक्षण मिळाले. मात्र जवळच्याच यूस्टन स्थानकाची भव्य कमान त्याआधीच, १९६१-६२ मध्ये, जमीनदोस्त झाली होती.

ही उदाहरणे ओपन हाउसच्या पूर्वीची आहेत, हे खरे. परंतु त्यांतून निघणारा धडा त्या उत्सवाच्या मुळाशी आहे. वास्तू वाचविण्याचे काम मूठभर जाणकारांवर सोपविले तर कधी कमान जाते, कधी हॉटेल राहते; सारा नशिबाचा खेळ होतो. जी वास्तू हजारो सामान्य माणसांनी आतून पाहिली आहे, जिच्या जिन्यावर त्यांची मुले बागडली आहेत, तिच्यावर घाव घालताना घालणाऱ्याला दहा वेळा विचार करावा लागतो.

या उत्सवावर आक्षेप घेतले जातात व ते सर्वस्वी निराधार नाहीत. खाजगी विकासक आपल्या नव्या मनोऱ्याचे दार दोन दिवस उघडून पुण्य पदरी पाडून घेतात आणि उरलेले वर्षभर त्याच मनोऱ्याच्या पायथ्याशी सामान्य माणसाला बसूही देत नाहीत. दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. १९९३ व २००८चे घाव सोसलेल्या मुंबईला तो क्षुल्लक वाटणार नाही. पण लंडननेही २००५ च्या जुलै महिन्यात भुयारी रेल्वेतील व बसमधील बॉम्बस्फोट पाहिले, आणि त्यानंतरही हा उत्सव चालू राहिला. नाजूक ठिकाणी आगाऊ नावनोंदणी, ओळखपत्राची तपासणी, पंतप्रधानांच्या निवासस्थानासारख्या जागी सोडत पद्धतीने मोजक्यांना प्रवेश, असे मार्ग त्यांनी काढले. सुरक्षितता हे दार सांभाळून उघडण्याचे कारण आहे. ते कायमचे बंद ठेवण्याची सबब होऊ नये.

आपल्याकडे काहीच घडले नाही असे नाही. वारसा वास्तूंच्या रक्षणासाठी मुंबईने १९९५ साली नियम केले. २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा मान मिळाला. २०२१ पासून महापालिकेच्या मुख्यालयात, शुल्क आकारून का होईना, मार्गदर्शकासह फेरफटक्याची सोय झाली. या पावलांचे स्वागतच केले पाहिजे. तरीही शुल्क देऊन येणारा तो पर्यटक आणि हक्काने येणारा तो नागरिक, हा भेद उरतोच. ज्याच्या घरपट्टीवर महापालिकेचे सभागृह उभे आहे, त्याने ते वर्षातून एकदा तरी बिनातिकीट पाहावे, यात गैर काय?

आणि हा उत्सव केवळ मुंबईच्या दगडी वैभवापुरता असू नये. लंडनमध्ये कामगारांची घरे राजवाड्यांच्या बरोबरीने यादीत येतात. १९२०च्या दशकात उभ्या राहिलेल्या मुंबईच्या बीडीडी चाळी आज पुनर्विकासात एकामागून एक पाडल्या जात आहेत. तेथील रहिवाशांना प्रशस्त घर मिळावे याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण ती लांबलचक ओसरी आणि एका खोलीत थाटलेला संसार त्याच रहिवाशांच्या तोंडून समजावून घेण्याची संधी किती नागरिकांना मिळाली? जिल्ह्याच्या गावी जुने नगर वाचनालय असते, कलेक्टर कचेरी असते, पाणीपुरवठ्याची यंत्रणा असते, माळवदाचा एखादा वाडा असतो. दारे उघडण्यासाठी फार पैसा लागत नाही; किल्ली ज्यांच्या हाती आहे त्यांची इच्छा आणि चार जाणते स्वयंसेवक लागतात.

दरबार कोर्टात उभ्या राहणाऱ्या मराठी माणसाला, हे आपल्या पूर्वजांच्या पैशांतून झाले, असे आज निदान म्हणता येते, कारण ते दार त्याला उघडे मिळाले. स्वतःच्या शहरात, स्वतःच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या इमारतीच्या उंबरठ्यावर मात्र ‘काय काम आहे?’ हा प्रश्न त्याची अजून वाट पाहत असतो. वर्षातून एक दिवस तरी त्याला ‘हे आमचे आहे, ते पाहावयास आलो’ असे उत्तर देता आले पाहिजे, आणि पहारेकऱ्यानेही ते काम म्हणून मान्य केले पाहिजे.