रात्रीची खेप वाचवा : घरून मोटार चालू-बंद करण्याची सोय



ऊस हे वर्ष-दीड वर्षाचे पीक. त्याला पाण्याच्या पाळ्या किती लागतात हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या ऊस विकास विभागाची माणसे गावोगाव फिरतात तेव्हा बेण्या-खताची चौकशी नंतर, पहिली तक्रार लाईटीची. शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीपाळीने मिळते, कधी दिवसा तर कधी रात्री. दिवसा वीज मिळावी म्हणून शासनाने 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. ती जेथे पोचली तेथे सुख झाले. बाकीच्यांची रात्रीची खेप काही चुकलेली नाही.

रात्रीची खेप म्हणजे साप, विंचू आणि ओल्या पेटीचा करंट. 2020 च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, ते आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. आणि उसाच्या फडात बिबट्याला लपायला जागाच जागा.

यावर पुष्कळांनी ऑटो स्विच बसवले. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. पण लाईट येताक्षणी डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, डीपीवर ताण येतो आणि तो जळतो. मग एकाचा नव्हे, सगळ्यांचाच ऊस वाळतो. शिवाय फुटलेला पाईप साध्या ऑटोला दिसत नाही. म्हणूनच ऑटो स्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा, असे महावितरण सांगत आले आहे.

यापेक्षा बरी सोय मोबाईल स्टार्टरची. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी आजोबांचे पाण्यासाठीचे हाल पाहून या कामाला हात घातला. त्यांच्या ‘नॅनो गणेश’ या यंत्राला 2009 साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत बक्षीस मिळाले. आता अशी यंत्रे बऱ्याच कंपन्यांची मिळतात. स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड असलेले यंत्र बसते. फोन केला की लाईट आहे का ते कळते, आणि मोटार चालू किंवा बंद करता येते.

मोठ्या कंपन्या आपले संगणक दूरच्या शहरात ठेवतात. तेथे दर वेळी माणूस धाडणे परवडत नाही, म्हणून संगणक अडकला तरी त्याच्यापर्यंत पोचणारी वेगळी वाट राखून ठेवतात. आपल्यालाही तेच धोरण हवे. लाईट गेल्यावरही निरोप देईल अशी बॅटरी यंत्रात असावी. एखादा फेज गेला किंवा विहिरीचे पाणी तुटले तर मोटार आपोआप बंद पडावी. फक्त ‘चालू’ करणारे यंत्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

आता खर्चाचे बघू. शेत तीन किलोमीटरवर, दिवसाला दोन खेपा, म्हणजे बारा किलोमीटर. शंभर दिवसांत बाराशे किलोमीटर होतात. मोटारसायकल लिटरला पन्नास देते असे धरले तर पेट्रोल 24 लिटर. लिटरला 100 रुपये धरले तरी 2,400 रुपये झाले. जळालेली मोटार भरून घेण्याचा खर्च यात धरलेला नाही. हा हिशेब यंत्राच्या किमतीशेजारी मांडून पाहा. समाईक विहीर असेल तर वर्गणीत भागते.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पाटाने पाणी देणाऱ्याची मोटार घरून सुरू होईल, पण बारे मोडायला माणूस शेतातच लागतो. त्याची खेप वाचत नाही. उलट पाणी एकाच सरीत तुंबून मुळ्या गुदमरतील. या यंत्राचे खरे चीज ठिबकवर होते. आधी ठिबक, मग स्टार्टर, हा क्रम ठेवावा.

बसवताना एवढे पाहा. शेतात कोणाची रेंज येते ते आधी बघा. यंत्र टूजीवर चालणारे असेल तर त्यात जिओचे सिम चालत नाही. सिमचा रिचार्ज संपू देऊ नका. घरच्या मोजक्याच नंबरांना परवानगी द्या. यंत्रात ऑटोची सोय असेल तर डीपीवरच्या सगळ्यांनी बसून सुरू होण्याच्या वेळा मागेपुढे लावून घ्या. अर्थिंग मात्र टाळू नका.

शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. मोटार आता घरून सुरू होते, म्हणजे शेतातल्या माणसाला न कळता सुरू होते. कोणी विहिरीत उतरले असेल, वायर जोडत असेल आणि घरून पोराने बटण दाबले तर? म्हणून मोटारीला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा, किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवा आणि मगच काम करा. मोबाईलवर मोटार बंद केली म्हणजे लाईट तुटली असे समजू नये.

पाणी उसाला वेळेवर मिळावे, आणि पाणी देणारा रात्री घरी सुखरूप असावा, एवढ्यासाठी हे लिहिले. यंत्र घेण्याआधी आपल्या गटाच्या ॲग्री ओव्हरसियरला विहीर, डीपी व रेंज दाखवून सल्ला घ्यावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी