एकाच होडीत, एकाच रिक्षात : साथीच्या काळात जागा वाटून घेताना

कोरोनाच्या काळात 'दो गज की दूरी' हे वाक्य प्रत्येकाच्या फोनवर ऐकू येत होते. पण जिथे दोन हात अंतर ठेवणेच शक्य नाही, तिथे काय करायचे? शिडाच्या छोट्या होडीत एकाने सुकाणू धरायचे, दुसऱ्याने शिडाची दोरी. दोघांचे गुडघे एकमेकांना लागतात. जलाशयात जाळे टाकायला निघालेल्या दोघांचेही तसेच. मलकापूर रेल्वे स्थानकाबाहेरच्या शेअर रिक्षात तर एवढीही ऐसपैस जागा नसते. आणि मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलडाण्याला जाणाऱ्या गाडीत हाच शेजार तासाभराहून अधिक काळ टिकतो.

वरवर पाहता या सगळ्यांत धोका सारखाच वाटतो. प्रत्यक्षात तो फार वेगळा आहे. हा फरक कळला, तर साथीत कशाला घाबरायचे आणि कशाला नाही, हे ठरवणे सोपे जाते.

श्वास जातो कुठे?

माणूस बोलतो, खोकतो, हसतो तेव्हा तोंडा-नाकातून थेंब बाहेर पडतात. मोठे थेंब लगेच खाली पडतात. अतिसूक्ष्म थेंब मात्र उदबत्तीच्या धुरासारखे हवेत तरंगत राहतात. खोली बंद असेल तर हा 'धूर' साचत जातो, मोकळ्या हवेत काही क्षणांत विरतो. कोरोना, फ्लू, गोवर आणि क्षयरोग या सगळ्यांच्या प्रसारात हे सूक्ष्म कण कमी-अधिक प्रमाणात भाग घेतात.

याचे बोलके उदाहरण चीनच्या झेजियांग प्रांतातले आहे. जानेवारी २०२० मध्ये एका कार्यक्रमाला दोन बस निघाल्या. एका बसमधील ६८ जणांत एक बाधित व्यक्ती होती. जाऊन-येऊन प्रवास सुमारे १०० मिनिटांचा. बसमध्ये आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरत होती. नंतर त्या बसमधील आणखी २३ जणांना लागण झाल्याचे आढळले, आणि त्यांत दूरच्या आसनांवरचे प्रवासीही होते. दुसऱ्या बसमधील ६० जणांपैकी कोणालाही लागण झाली नाही. म्हणजे प्रश्न नुसत्या अंतराचा नव्हता, साचलेल्या हवेचा होता.

रिक्षा बरी की एसी गाडी?

भारतातल्या वाहनांवरही असा अभ्यास झाला आहे. दर्पण दास आणि गुरुमूर्ती रामचंद्रन या संशोधकांनी रिक्षा, साधी टॅक्सी, एसी टॅक्सी आणि बस यांची गणिती तुलना केली. त्यांच्या हिशेबात काचा बंद असलेल्या एसी टॅक्सीतला धोका रिक्षापेक्षा सुमारे ३०० पट निघाला. हा आकडा गणिती प्रारूपाचा आहे, तो प्रत्येक प्रवासाला जसाच्या तसा लागू होणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे. ज्या रिक्षाला आपण 'साधी सवारी' म्हणतो, तिची उघडी बाजू हेच तिचे मोठे संरक्षण आहे.

हे संरक्षण आपणच घालवतो. पावसाळ्यात रिक्षाला प्लास्टिकचे पडदे लागतात, मे महिन्यात उन्हाच्या झळा नकोत म्हणून जीपच्या काचा चढतात, थंडीत पहाटेच्या प्रवासात एक फटही उघडी राहत नाही. अशा वेळी निदान समोरासमोरच्या दोन काचा चार-चार बोटे खाली ठेवाव्यात. हवा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने गेली पाहिजे. एकच काच उघडून तेवढा उपयोग होत नाही.

होडीतले धोके वेगळे

पाण्यावर वारा मोकळा असतो, त्यामुळे साचलेल्या हवेचा प्रश्नच येत नाही. समोरासमोर तोंड करून मोठ्याने बोलणे टाळले आणि शक्यतो ठरलेल्या जोडीनेच होडी नेली, तर पाण्यावरचा संसर्गाचा धोका कमी राहतो. खरा धोका काठावर असतो. बंद खोलीत कपडे बदलणे, एकत्र जेवण आणि परतताना काचा बंद करून एकाच गाडीत केलेला प्रवास. होडीत दोन तास सुरक्षित राहिलेली जोडी गाडीतल्या अर्ध्या तासात आजारी पडू शकते.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायला हव्यात. पहिली, भिजलेल्या मास्कमधून श्वास घेणे कठीण होते. त्यामुळे पाण्यात पडण्याची शक्यता असेल तिथे मास्क काढून ठेवावा. तो काठावर आणि गाडीत वापरावा. दुसरी, 'दुसऱ्याने वापरलेले आहे' म्हणून लाइफ जॅकेट नाकारू नये. दोरी, वल्हे, जॅकेट यांसारख्या वस्तूंना हात लागून कोरोना होण्याची शक्यता फारच कमी असते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये ती दर स्पर्शामागे साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षा कमी असल्याचे म्हटले होते. जॅकेट साबणाच्या पाण्याने धुवावे, वाळवावे, आपले हात धुवावेत, एवढे पुरे. बुडण्याचा धोका मात्र खरा आणि तत्काळ असतो.

सर्वांत जास्त धोका चालकाला

मे २०२० अखेरच्या राज्य सरकारच्या आदेशात रिक्षात चालक आणि दोनच प्रवासी, अशी मर्यादा होती. वैद्यकीयदृष्ट्या ती योग्यच होती. पण दोन सवाऱ्यांच्या भाड्यात डिझेल, गाडीचा हप्ता आणि घर कसे भागणार, हा चालकाचा प्रश्नही तितकाच खरा होता. त्यातही प्रवासी दहा-पंधरा मिनिटांत उतरून जातो. चालक मात्र दिवसभर एकामागून एक येणाऱ्या सवाऱ्यांच्या सहवासात असतो. म्हणून साथ सुरू होताच चांगला मास्क आणि उपलब्ध असलेली लस चालकापर्यंत आधी पोहोचली पाहिजे. त्याला ताप आला तर त्या दिवसाची कमाई बुडण्याच्या भीतीने तो गाडी काढणार नाही, अशी काही सोयही हवी. सल्ला पाळणे परवडले, तरच तो पाळला जातो.

प्रवासात एवढे पाळा

• ताप, खोकला, सर्दी असेल तर शेअर वाहनातून प्रवास टाळा. रुग्णालयात जायचेच असेल तर मास्क लावून, उघड्या बाजूला बसा.

• साथीच्या दिवसांत बंद गाडीत एन-९५ मास्क नाक झाकून वापरा. हनुवटीवरचा मास्क काही कामाचा नाही.

• गाडीत एसी लावावाच लागला, तर बाहेरची हवा आत घेणारे बटण सुरू ठेवा.

• प्रवासात फोनवर मोठ्याने बोलणे टाळा. बोलण्याचा आवाज वाढतो तसे कणही वाढतात.

• वृद्ध, गर्भवती, मधुमेही आणि दम्याचे रुग्ण यांना खिडकीची जागा द्या.

कोरोनाची ती लाट ओसरली, पण क्षयरोग आपल्यात आहेच. जगातील क्षयरुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि तो जंतूही कोंदट हवेतूनच पसरतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल तर सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी करून घ्यावी. तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत मिळतात. आणि पुढच्या साथीची वाट न पाहता, आज संध्याकाळी गाडीत बसल्यावर दोन्ही बाजूंची काच थोडी खाली करावी. त्याला खर्च काहीच येत नाही.