घराखालची जागा

शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की भातसेवरचा पूल ओलांडून सापगाव येतं. वर धरणात अडवलेलं भातसेचं पाणी मुंबईला जातं. या पट्ट्यातली कातकरी कुटुंबंही दिवाळी झाली की त्याच दिशेला, भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. गेलेलं पाणी गेलं. माणसं पावसाच्या तोंडावर वाडीवर परततात.

वाडीवरचं घर पूर्वी कुडाचं. कारवीच्या काठ्या एकमेकींना लगटून उभ्या करायच्या, आडव्या कामट्यांनी बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपायचं. वर गवत, ऐपत आली की कौलं. कोपरा फुटला तर घरातली बाईच संध्याकाळपर्यंत लिंपून मोकळी होते, गवंडी लागत नाही. मला या घराचं कौतुक आहे, पण जपूनच. कुजलेल्या काठ्या बदलायला पुन्हा डोंगर चढणाऱ्याला ते कौतुक ऐकवायची माझी छाती नाही.

खैरापासून कात पाडणारे ते कातकरी. इंग्रजांनी जंगल राखीव केलं, कातभट्ट्या विझल्या आणि ही माणसं दुसऱ्याच्या माळावर, बांधाच्या कडेला येऊन राहिली. जमीनवाल्याला हाताशी मजूर हवा होता, म्हणून त्याने झोपडं घालू दिलं. गोची तिथेच आहे. घरपट्टीची पावती असते, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर नावही असतं, सातबारा मात्र दुसऱ्याचा. माळाला भाव नव्हता तोवर कुणी हटकलं नाही. फार्महाउसं आली, प्लॉट पडू लागले, तशी वाडीच्या अंगणाला तारेची कुंपणं भिडली.

राहत्या घराखालची जागा राहणाऱ्याच्या नावे करण्याची वाट कुळकायद्याच्या 17-ब कलमात आहे. ठाणे जिल्ह्यात वेठबिगार सोडवता सोडवता 1982 मध्ये उभी राहिलेली श्रमजीवी संघटना या घरठाणासाठीही झगडली. कोकण विभागातल्या कातकरी उत्थान अभियानातही जातीचा दाखला आणि रेशनकार्डाच्या जोडीने हा विषय होता. कागद आधी का, हे घरकुलाच्या वेळी कळतं: जागा दाखवा, मग घर.

घरकुलाला आता पैसा आहे. 15 नोव्हेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातल्या तीन आदिम जमातींना घरासाठी 2 लाख रुपये हप्त्याहप्त्याने मिळतात. घर किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 चौरस फूट. काम ठरल्या टप्प्याला आलं की मोबाइलवर फोटो, फोटो चढला की पुढचा हप्ता. पण बांधकामाचे कोरडे महिने तेच भट्टीचे महिने. उचल आधीच खाऊन झालेली असते, जावंच लागतं. मग जोतं तसंच पडून राहतं आणि पावसाळ्यात त्यात टाकळा उगवतो. भट्टीवर हजारी दराने विटा पाडणारा माणूस स्वतःच्या भिंतीसाठी विटा विकत आणतो. टेम्पो चढेल तिथवर टेम्पो, पुढे डोक्यावर.

कॅनडातल्या आदिवासींनी शहरात दुसरी वाट धरली. तिथे भाड्याचं घर मागायला गेलं की तोंड बघून नकार यायचा. विनिपेगला 1970 मध्ये 'किन्यू' आणि व्हँकुव्हरला 1980 मध्ये 'लुमा' या त्यांच्या स्वतःच्या गृहसंस्था निघाल्या. घर संस्थेच्या मालकीचं, भाडं मिळकतीच्या मानाने, नफा नाही. 1993 नंतर तिथल्या केंद्र सरकारने नव्या घरांचे पैसे आखडले. तरी लुमा वाढली. उपचारांसाठी बाहेरगावहून येणाऱ्यांना उतरायला जागा झाली, पुढे दवाखानाही निघाला. घर गळलं तर कुणाकडे जायचं, हे तिथल्या भाडेकरूला ठाऊक असतं. आपल्याकडे शेवटचा हप्ता जमा झाला की गळका स्लॅब त्या कुटुंबाचा. वाडीची मिळून एखादी संस्था असावी, जमीन तिच्या नावे असावी, डागडुजी तिने पाहावी, हे योजनेच्या कागदात कुठेच बसत नाही. मला विचाराल तर पैशापेक्षा ही उणीव मोठी आहे.

नवी घरकुलं झालेल्या वाडीत पुढून रंगवलेल्या भिंती दिसतात. मागे वळसा घालून जावं. तिथे कारवीच्या कुडाची पडवी काढलेली असते, चूल तिथेच, वर लाकडं रचलेली, शेजारी मासे धरायचा बांबूचा सापळा. घरच्यांचा दिवस त्या पडवीत जातो. 269 चौरस फुटांत ती मोजलेली नाही.